मधला माणूस

वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातींत घर विकायचं असलं की शेवटचे दोन शब्द ठरलेले असत: 'एजंट क्षमस्व'. जाहिरात सकाळी छापून यायची आणि साडेसातला पहिला फोन एजंटचाच यायचा. आता जाहिराती मोबाइलवर गेल्या, पण दोन्ही गोष्टी तशाच चालू आहेत. लग्न जुळवून देणाऱ्याला आपण मध्यस्थ म्हणतो, अहेर करतो, पंक्तीत मानानं बसवतो. घर विकून देणारा मात्र दलाल, आणि हा शब्द उच्चारताना आवाज अर्धी पट्टी खाली उतरतो. ही अढी अगदीच निराधार नाही. त्याकडे पुढे येऊ. आधी तो नेमकं करतो काय ते पाहू, कारण गिऱ्हाईक आणणं हा त्याच्या कामाचा फार तर चौथा हिस्सा असतो.

उदाहरणापुरतं एक घर घेऊ. पुण्यात कोथरूडला, १९९४ सालच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, दोन बेडरूमचं. घर नवरा-बायकोच्या नावावर, यजमान चार वर्षांपूर्वी गेलेले. मुलगा बंगळुरूला, मुलगी अमेरिकेत. काकूंना आता जिना चढवत नाही. सोसायटीतल्या कुणीतरी 'आपल्याकडे एक कोटीला गेला परवा' असं सांगितलेलं असतं, आणि तो आकडा काकूंच्या मनात देव्हाऱ्यात ठेवल्यासारखा बसलेला असतो.

मुरलेला एजंट पहिल्या भेटीत किंमतीचा विषय काढत नाही. चहा होईपर्यंत खिडक्या कुठल्या दिशेला आहेत ते बघून घेतो आणि मग म्हणतो, "काकू, फाइल दाखवता?"

फाइल म्हणजे कपाटातली ती प्लॅस्टिकची पिशवी. तीत काय आहे यापेक्षा काय नाही याकडे त्याचं लक्ष असतं. बिल्डरशी झालेला मूळ करारनामा, त्याची नोंदणी पावती, सूची क्रमांक २ म्हणजे आपला इंडेक्स टू (नोंदलेल्या व्यवहाराचा सारांश-उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, भोगवटा प्रमाणपत्राची प्रत, मिळकतकराची आणि मेंटेनन्सची ताजी पावती, महावितरणचं बिल. घर मधल्या कुणाकडून घेतलं असेल तर त्याआधीचे सगळे करारही, सलग. मधला एक दुवा तुटला तर खरेदीदाराची बँक तिथंच थांबते. मूळ करार हरवला असेल तर पोलिसांत हरवल्याची तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आणि दुय्यम निबंधकाकडून साक्षांकित प्रत, एवढं करावं लागतं. इतकं करूनही काही बँका नाक मुरडतात. म्हणून हे गिऱ्हाईक यायच्या आधी करायचं असतं. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना 'मूळ कागद सापडत नाहीत' असं निघालं, की तो किंमत पाडतो किंवा उठून जातो, आणि दोन्हींत त्याची चूक नसते.

पुण्यात आणखी एक गंमत आहे. बऱ्याच जुन्या इमारतींत सोसायटी नाहीच. महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायदा, १९७० खाली त्या 'अपार्टमेंट' म्हणून उभ्या आहेत. तिथं शेअर सर्टिफिकेट नसतं. त्याऐवजी बिल्डरनं इमारतीचं घोषणापत्र नोंदवलेलं असावं लागतं आणि प्रत्येक फ्लॅटधारकाच्या नावे वेगळा अपार्टमेंट डीड. पंचवीस-तीस वर्षं राहिलेल्या माणसाला बरेचदा हे माहीतच नसतं की आपला डीड कधी झालाच नाही. पहिल्याच भेटीत हे विचारणारा एजंट मिळाला तर विकणाऱ्यानं त्याला दुसरा चहा द्यावा.

नवी मुंबईत हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. सिडकोची जमीन भाडेपट्ट्यावरची असली, तर तिथं हस्तांतरणाची परवानगी आणि शुल्क यांचा वेळ आणि पैसा आधीच हिशेबात धरावा लागतो. सरकारी जमिनीवरच्या, भोगवटादार वर्ग दोनच्या सोसायट्यांत जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. म्हाडाचं घर असेल तर म्हाडाची. पत्ता बदलला की कागद बदलतात, म्हणून त्याच भागात मुरलेला माणूस लागतो.

पण या घरात खरी गाठ वेगळीच आहे. काकूंना वाटतं, यजमानांनी नॉमिनी म्हणून आपलं नाव लावलं होतं, सोसायटीनं शेअर सर्टिफिकेटवर ते चढवलं, म्हणजे घर आपलं झालं. तसं होत नाही. नॉमिनी हा सोसायटीपुरता उत्तरदायी, मालकी वारसांची. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्यानुसार यजमानांचा हिस्सा बायको, मुलगा, मुलगी या सगळ्यांत सारखा वाटला जातो. आणि जो प्रश्न घरातलं कुणीच विचारत नाही तो एजंटनं, निदान त्यानं आणलेल्या वकिलानं, विचारायचा असतो: "साहेब गेले तेव्हा त्यांच्या आई होत्या का?" कारण मृताची आई पहिल्या वर्गाची वारस आहे. वडील नाहीत, आई आहे. साहेबांच्या मागे त्या वर्षभर जरी जगल्या असतील, तरी त्यांचा हिस्सा निर्माण झाला, आणि त्या गेल्यावर तो त्यांच्या इतर मुला-मुलींकडे, म्हणजे काकूंच्या दीर-नणंदांकडेही गेला. ज्या नणंदेशी दहा वर्षं बोलणं नाही तिची सही लागणार, हे खरेदीदाराच्या वकिलाकडून कळण्यापेक्षा एजंटकडून कळलेलं बरं.

उपाय दोन. एकतर सगळे वारस विकणारे म्हणून सही करतात, किंवा बाकीचे काकूंच्या नावे नोंदणीकृत हक्कसोड पत्र करून देतात. जवळच्या नात्यात मोबदला न घेता केलेल्या हक्कसोड पत्राला मुद्रांक शुल्क नाममात्र असतं. दोन्हींतला फरक कागदापुरता नाही. अमेरिकेतली मुलगी स्वतः विक्रेती म्हणून उभी राहिली, तर तिच्या हिश्शावर खरेदीदाराला अनिवासी भारतीयांच्या नियमानं कर कापावा लागतो. तो नेहमीचा एक टक्का नसतो. दीर्घकालीन नफ्याच्या दरानं, अधिभार आणि उपकर धरून कापायचा असतो. आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला आणला नाही, तर बहुतेक खरेदीदार नफा न बघता पूर्ण रकमेवर कापून मोकळे होतात. मग परतावा मागायला पुढच्या वर्षीचं विवरणपत्र. तेव्हा मुलीला हिस्सा सोडायचा आहे की पैसे घ्यायचे आहेत, हे घरातल्यांनी आधी ठरवायचं. एजंटनं त्यात मत देऊ नये. त्यानं प्रश्न मांडून सीए आणि वकिलाचा रस्ता दाखवावा. मुलगी येऊ शकत नसेल तर कुलमुखत्यारपत्र: तिकडे भारतीय वकिलातीत सही, किंवा नोटरी आणि अपॉस्टिल, म्हणजे तिथल्या सरकारचा प्रमाणशिक्का. कागद भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथं त्यावर मुद्रांक भरायचा. हे कुरियर यायला आणि मुद्रांक लागायला महिना जातो. गिऱ्हाईक ठरल्यावर हा महिना काढणं म्हणजे गिऱ्हाईक घालवणं.

आता किंमत. पहिला वाद क्षेत्रफळाचा. काकू म्हणतात, "एक हजार पन्नास आहे." करारनाम्यात लिहिलंय ७८.०६ चौरस मीटर बिल्टअप, म्हणजे भिंती धरून. चौरस मीटरला १०.७६४ नं गुणलं की ८४० चौरस फूट. एजंट टेप काढतो, किंवा आता लेझरचं यंत्र, आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजतो: ७०० कार्पेट. हजार पन्नास हा बिल्डरनं त्या काळी जिना, पॅसेज धरून सांगितलेला विक्रीचा आकडा. तिन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत. पण समोरच्या नव्या इमारतीचा दर महारेराच्या, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामकाच्या, कार्पेटवर चालतो, म्हणून आज घर बघायला येणारा सातशेच मोजतो. समजा घर पंच्याऐंशी लाखांना जायचंय. भागिले हजार पन्नास म्हणजे आठ हजार शंभरच्या आत, स्वस्त वाटतं. भागिले सातशे म्हणजे बारा हजार शंभरच्या वर. हा दुसरा भागाकार गिऱ्हाइकाच्या डोक्यात चाललेला असतो.

दर ठरवताना शेजाऱ्यांच्या गप्पा कामाच्या नाहीत आणि वेबसाइटवरचे दरही नाहीत. ते मागितलेले दर, मिळालेले नव्हेत. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर त्याच इमारतीतले, शेजारच्या दोन इमारतींतले गेल्या वर्ष-दीड वर्षातले इंडेक्स टू शोधता येतात. कोणत्या मजल्याचा, किती क्षेत्रफळाचा, किती रकमेला. तो 'एक कोटीला गेलेला' फ्लॅट तिथं बरेचदा अठ्ठ्याऐंशीला सापडतो, आणि त्याला झाकलेलं पार्किंग असतं. अर्थात इंडेक्स टू म्हणजे वेदवाक्य नाही. नोंदीबाहेर रोख गेली असेल तर ती त्यात दिसणार नाही. तो मोह मात्र विकणाऱ्यानं टाळावा. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात वीस हजार किंवा अधिक रोख घेतली तर घेतलेल्या रकमेइतकाच दंड आहे, आणि तो घेणाऱ्याला, म्हणजे काकूंना.

दुसरा खांब रेडी रेकनर, म्हणजे सरकारचा वार्षिक मूल्यदर तक्ता. मुद्रांक त्या मूल्यावर किंवा खऱ्या किंमतीवर, जे जास्त त्यावर लागतो. व्यवहार या मूल्याच्या दहा टक्क्यांहून जास्त खाली गेला तर आयकर खातं दोघांनाही पकडतं: विकणाऱ्याचा नफा सरकारी मूल्यावर मोजतं आणि घेणाऱ्याला फरक उत्पन्न म्हणून दाखवायला लावतं. पडझड झालेल्या, ओल धरलेल्या घरांत हे होतं.

पार्किंगचंही बोलून घेऊ. 'पार्किंग तीन लाख वेगळे' असं सांगणारा एजंट दिसला तर सावध व्हावं. स्टिल्टमधलं, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधलं, पार्किंग स्वतंत्रपणे विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच सांगितलंय. ते सोसायटीचं, वाटप सोसायटीचं. घराची किंमत पार्किंगमुळे वाढते हे खरं, पण त्याची वेगळी पावती होत नाही. सोसायटीचं वाटपपत्र फाइलमध्ये असेल तर ठीक, नसेल तर 'आम्ही तीस वर्षं इथंच लावतो' याला कागदाचं वजन नाही.

किंमत फार चढी लावली तर काय होतं? पहिले तीन-चार आठवडे नवं घर म्हणून त्या भागातली खरी गिऱ्हाइकं, शोधून दमलेली, पैसे तयार असलेली, ती सगळी बघून जातात. त्यांना एकदा 'महाग' वाटलं की ती परत फिरत नाहीत. सहा महिन्यांनी किंमत उतरवली की नवे येणारे विचारतात, इतके दिवस का पडून आहे, काही लफडं आहे का? आधी एक कोटीवर अडून बसलेलं घर मग ऐंशीला जातं, जे पहिल्या महिन्यात सत्त्याऐंशीला गेलं असतं. काकूंना हे पटवणं हे एजंटचं सगळ्यात अवघड काम. इथं बरेच जण भित्रेपणा करतात: काम हातचं जाऊ नये म्हणून काकूंच्या आकड्याला मान डोलवतात, आणि दोन महिन्यांनी 'बाजार मंद आहे हो' म्हणत खाली आणतात.

घर दाखवण्याची तयारी लोक समजतात तेवढी खर्चीक नसते. पूर्ण रंगकाम करून पैसे परत येतात असं नाही. गिऱ्हाईक तसंही आपल्या मनासारखा रंग काढणार. बाथरूमच्या नळाची गळती, न उघडणारी खिडकी, जळालेले दिवे, सिंकखालचा वास एवढं नीट केलं तरी पुरतं. ओल मात्र लपवू नये. ओल्या भिंतीवर नुसता रंग मारला तर पहिल्या पावसात फुगवटा येतो, आणि व्यवहार तेव्हा साठेखत, म्हणजे विक्रीचा करार, आणि ताबा यांच्या मध्ये कुठंतरी असतो. वरच्या बाथरूममधून पाझरतंय का, बाहेरच्या भिंतीतून येतंय का, हे शोधून दुरुस्त करावं. नाहीतर सरळ सांगावं आणि किंमतीत धरावं. सामान कमी करणं हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त विरोध होणारं काम. माळ्यावरचे पितळी डबे, कुणी न वाजवलेली पेटी, तीन पिढ्यांचे फोटो. एजंट जर म्हणाला, "काकू, हॉलमधली ही दोन कपाटं आतल्या खोलीत सरकवू," तर त्याला घराची कळकळ नाही असं समजू नये. त्याला हॉलची फरशी दिसायला हवी आहे.

भेटी शक्यतो एकाच दिवशी, लागोपाठ अर्ध्या अर्ध्या तासानं ठेवाव्यात. घरात ऊन ज्या वेळी येतं त्या वेळी. जिन्यात एक कुटुंब उतरताना दुसरं चढताना दिसलं की भाव न बोलता वर राहतो. आणि काकूंनी घर दाखवताना कमी बोलावं हेही त्यानं सांगायचं असतं. 'मुलाकडे जायचंय, तिकिटं काढलीत' एवढं एक वाक्य दोन लाखांना पडतं.

आलेल्यांत बघे कोण आणि घेणारे कोण हे पारखण्यात त्याचा निम्मा दिवस जातो. रविवारी घरं बघत फिरणं हा काहींचा छंद असतो, त्याला इलाज नाही. तो फोनवरच चार प्रश्न विचारतो: कर्ज कुठल्या बँकेचं, मंजुरीपत्र आहे का, आपलं आधीचं घर विकून हे घ्यायचंय का, आणि निर्णय कोण घेणार. शेवटचं महत्त्वाचं. जावई तीनदा येऊन घर पसंत करतो आणि चौथ्यांदा सासरे येऊन म्हणतात, दार दक्षिणेला आहे.

मग पैशांचा हिशेब, खरेदीदाराच्या बाजूनं. पंच्याऐंशी लाखांच्या घरावर बँक साधारण ऐंशी टक्के देते, म्हणजे ६८ लाख. उरले १७. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ५ लाख ९५ हजार; खरेदीदार एकटी स्त्री असेल तर एक टक्का सवलत. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३० हजार. दलाली वेगळी. म्हणजे त्याच्या खिशात चोवीस-पंचवीस लाख रोकडे लागतात. बँक मुद्रांकासाठी कर्ज देत नाही हे कित्येकांना विसार, म्हणजे बयाणा, दिल्यावर कळतं. पुढचा खड्डा मूल्यांकनाचा. बँकेचा माणूस येतो, बंद केलेली बाल्कनी आणि आत घेतलेली टेरेस मोजत नाही कारण मंजूर नकाशात ती उघडी आहे, इमारतीचं वय धरतो आणि लिहितो ७८ लाख. आता ऐंशी टक्के म्हणजे ६२ लाख ४० हजार. पाच लाख साठ हजारांचं भगदाड. जाणता एजंट मूल्यांकन करणाऱ्याच्या आधी मंजूर नकाशा हातात घेऊन हे घर बघतो आणि विसार घेण्यापूर्वीच खरेदीदाराला सांगतो, अठ्ठ्याहत्तर धरून चाला.

विसार. हा शब्द जुना आहे आणि छान आहे. टोकन म्हटलं की जत्रेतल्या पाळण्याची आठवण येते. विसार पावतीवर रक्कम आणि दोन सह्या एवढंच असेल तर ती भांडणाची सुरुवात असते. एकूण किंमत, कोणत्या तारखेपर्यंत साठेखत, कर्ज नामंजूर झालं तर विसार परत की जप्त, कागदांत दोष निघाला तर काय, सोसायटीचं हस्तांतरण शुल्क कुणी भरायचं, घरातलं काय सोडून जायचं: पंखे, गिझर, स्वयंपाकघरातलं फर्निचर, इन्व्हर्टर. हसू येईल, पण ऐंशी लाखांचे व्यवहार आठ हजारांच्या गिझरवरून कडवट होतात. विसाराचा चेक मालकाच्या नावे. एजंटच्या नावे कधीही नाही.

नंतर वकिलाचा शोध अहवाल, साधारण तीस वर्षांचा, आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस: 'कुणाचा हक्क, हितसंबंध, बोजा असल्यास चौदा दिवसांत कळवावे.' काकूंना ही नोटीस बघून भीती वाटते, आपल्यावर कुणी केस केली की काय. आधी सांगून ठेवलेलं असलं की वाटत नाही.

घरावर कर्ज असेल तर आणखी एक फेरा. विकणाऱ्याच्या बँकेकडून बाकी रकमेचं पत्र आणि ताब्यातल्या मूळ कागदांची यादी घ्यायची. खरेदीदाराची बँक पहिला धनादेश थेट त्या बँकेच्या नावे देते, उरलेला मालकाच्या. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड नाही. कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत मूळ कागद परत देणं बँकेवर बंधनकारक आहे. पुढच्या प्रत्येक दिवसाला पाच हजार रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. नियम असला तरी कागद वेळेत हातात पडायला कुणीतरी शाखेत जाऊन उभं राहावंच लागतं, आणि हा 'कुणीतरी' बहुतेक वेळा एजंटचा पोऱ्या असतो.

सोसायटीला विक्रीची पंधरा दिवस आधी नोटीस द्यायची असते. ना हरकत पत्र उपविधींत सक्तीचं नाही, पण बँक मागते, म्हणून घ्यावंच लागतं. इथं काही सेक्रेटरींना आपली ताकद आठवते. महापालिका क्षेत्रात हस्तांतरणाचा प्रीमियम जास्तीत जास्त पंचवीस हजार, असा ९ ऑगस्ट २००१ चा शासकीय आदेश आहे. हस्तांतरण फी पाचशे रुपये. तरीही 'विकासनिधी' म्हणून लाख मागितले जातात. आदेश सेक्रेटरींच्या टेबलावर न आपटता, हळूच पुढे सरकवून काम करून आणणं ही कला आहे, आणि ती काकूंच्या मुलाला बंगळुरूहून फोनवर जमत नाही.

साठेखत नोंदवायची घाई मात्र विकणाऱ्याच्या एजंटनं करू नये. आपल्याकडे पूर्ण मुद्रांक साठेखतालाच भरतात, तोच पुढे खरेदीखतात वळता होतो. म्हणून खरेदीदार आणि त्याची बँक साठेखतासाठी मागे लागतात. पण वीस टक्के घेऊन साठेखत नोंदवलं आणि नंतर कर्ज अडकलं, तर घर त्या करारात गुंतून पडलं. दुसऱ्याला विकायचं तर आधी नोंदणीकृत रद्दलेख हवा, आणि त्याला त्या नाराज खरेदीदाराची सही. म्हणून क्रम असा: मंजुरीपत्र हातात, मूल्यांकन झालेलं, मगच दुय्यम निबंधकाकडे.

तारीख काढताना पंचांगही बघावं लागतं. पितृपक्षात साठेखत मागणारा विरळा. मार्चअखेर मात्र एक एप्रिलला रेडी रेकनर बदलेल या धास्तीनं गर्दी. नोंदणी कार्यालयात सर्व्हर बंद पडणं हा ऋतुमानाचाच भाग. दोन साक्षीदार, आधार आणि पॅनच्या मूळ प्रती, कॅमेऱ्यापुढे फोटो, अंगठा. सत्तरीतल्या, आयुष्यभर भांडी-धुणं केलेल्या बोटांचे ठसे यंत्राला दिसत नाहीत. बोट पुसून, जरा ओलावा लावून तीन-चारदा प्रयत्न करावे लागतात, आणि काकू उगीचच ओशाळतात. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी निबंधक घरी येऊ शकतात, अर्ज आणि फी भरून. हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

कराचा एक काटा आधी काढून ठेवायचा. किंमत पन्नास लाख किंवा वर असेल तर खरेदीदार एक टक्का टीडीएस कापतो, इथं ८५ हजार. तो काकूंच्या पॅनवर जमा होतो. काकूंचं पॅन आधारशी जोडलेलं नसेल तर ते निष्क्रिय, आणि मग कपात एकाऐवजी वीस टक्के. एक टक्का कापलेल्या खरेदीदारांना नंतर खात्याच्या नोटिसा आल्या आहेत. विकणारे दोन आणि घेणारे दोन असतील तर चार वेगळी विवरणपत्रं भरायची असतात. आणि नफ्याचा कर: १९९४ चं घर म्हणजे १ एप्रिल २००१ चं बाजारमूल्य धरता येतं, त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्याच्या मर्यादेत, त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला निवासी व्यक्ती साडेबारा टक्के किंवा महागाई निर्देशांक धरून वीस टक्के, यांतलं जे कमी ते भरू शकते. हे सीएचं काम. एजंटनं एवढंच बघायचं, की काकू सीएकडे किंमत ठरायच्या आधी जातील, पैसे आल्यावर नव्हे.

आता ती अढी. पंच्याऐंशी लाखांवर एक टक्का म्हणजे ८५ हजार, एजंट जीएसटीत नोंदलेला असेल तर वर अठरा टक्के: एक लाख तीनशे. दोन टक्के ठरले असतील तर दुप्पट. खरेदीदाराने तीन लाख कमी करून मागितले, तर काकूंचे तीन लाख जातात आणि एजंटचे तीन हजार. गिऱ्हाईक हातचं गेलं तर त्याचे पंच्याऐंशी हजार जातात. या एका त्रैराशिकात त्या धंद्याची सगळी खोट आहे. तो दोन्हींकडून दलाली घेत असेल, आणि आपल्याकडे ते सर्रास चालतं, तर 'काकू, देऊन टाका' हा सल्ला कुणाच्या हिताचा हे विचारायलाच हवं. 'मला ऐंशी द्या, वरचे तुमचे' हा सौदा तर मालकानं करूच नये. त्यात एजंट मध्यस्थ राहत नाही, लपलेला खरेदीदार होतो.

घर पाच एजंटांकडे सोडलं की पाच किंमती फिरतात. एकाच ग्रुपवर तोच हॉल, तीच पेटी, एकाकडे ब्याऐंशी, दुसऱ्याकडे एक्याण्णव. घेणारा ब्याऐंशीपासून खाली बोलायला लागतो. त्यापेक्षा एकाला तीन महिने लेखी द्यावेत, त्यानं इतर एजंटांशी दलाली वाटून घ्यावी, आणि आलेली प्रत्येक ऑफर, मग ती कितीही हास्यास्पद असो, मालकाला कळवावी हे त्यात लिहावं. दलाली कधी द्यायची तेही: अर्धी साठेखताला, अर्धी पूर्ण रक्कम खात्यात आल्यावर. महारेराची नोंदणी कायद्यानं लागते ती नोंदणीकृत प्रकल्पांत विक्री करणाऱ्याला. जुन्या घरांपुरतं काम करणाऱ्याला ती नसेलही, पण असेल तर बरं. नोंदणीसाठी आता प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची आहे. निदान कार्पेट म्हणजे काय हे त्याला समजावून सांगावं लागत नाही.

शेवटच्या दिवशी बँकेचा धनादेश खात्यात वटला की ताबा. आधी नाही. 'दोन दिवसांनी पैसे येतायत, सामान तेवढं ठेवू द्या' याला नाही म्हणायचं कामही एजंटचंच, कारण काकूंना संकोच वाटतो. ताबा पावतीवर दोघांच्या सह्या, विजेच्या मीटरचा तारखेसह फोटो, गॅसच्या मीटरचा दुसरा. महावितरणकडची अनामत कुणाची हे लिहिलेलं. सोसायटीच्या अर्जांवर सह्या, मिळकतकराच्या नावबदलाचा अर्ज खरेदीदाराच्या हातात. किल्ल्या मोजून: मुख्य दाराच्या तीन, लोखंडी दाराच्या दोन, गच्चीची एक, टपालपेटीची एक. एक किल्ली कामवाल्या मावशींकडे असते आणि ती हमखास राहते.

दारावरची नावाची पाटी काढायला स्क्रू ड्रायव्हर कुणाकडेच नसतो. तो एजंटच्या स्कूटरच्या डिकीत असतो.